दोन बोटं माया



बरेच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. तब्येत ठीक आहे, काळजी नसावी. (पुण्याच्या पुतण्याने फोन करून विचारलं, म्हणून आधीच सांगून टाकते!) गेले दोन महिने शिवणात गेले. पंचाहत्तरी गाठलेल्या बाईने चष्म्यावर भिंग धरून टिकल्यांचं कापड शिवायला घ्यावं का, हा प्रश्न मलाही पडला होता. पण घेतलं खरं.

झालं असं की ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, कोल्हापूरला असते, वय वर्षं एकोणऐंशी. तिच्या नातीचं लग्न ठरलं होतं. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "बेबी, मला लग्नात टिकल्यांचं ब्लाउज घालायचंय. तू शिवून दे."

"ताई, आता या वयात टिकल्या?"

"मग कुठल्या वयात?" असं म्हणून तिने फोन ठेवला.

मी हातातला फोन तसाच धरून बसले. हे पेपर वाचत होते, त्यांनी विचारलं, काय झालं. म्हटलं, काही नाही. पण झालं होतं. ते नीट सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

आमचं माहेर इचलकरंजीचं. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग आणला, आणि पुढे गावाचा श्वासच मागाच्या तालावर चालायला लागला. आमचे बाबा मागावर काम करायचे. रात्रपाळी करून घरी आले की त्यांच्या केसांत कापसाचे बारीक तंतू असायचे. आमच्या घरात सुती कापड हा एक प्रकारचा धर्मच होता. कुणी नवं कापड आणलं की बाबा त्याच्या कडेचा एक धागा ओढून काढायचे आणि काडी लावायचे. सुती असेल तर धागा सरळ जळायचा, कागद जळल्यासारखा वास यायचा आणि बोटांनी चुरगळली तर राख मऊ लागायची. नायलॉन किंवा टेरिलीन असेल तर धागा ज्योतीपासून आखडून घ्यायचा, वितळायचा आणि टोकाला कडक मणी व्हायचा. बाबा तो मणी आम्हाला दाखवायचे आणि म्हणायचे, "ज्याची राख होत नाही ते कापड नव्हे."

पण आम्ही बहिणी तरुण होतो आणि जमाना नायलॉनचा होता. आजच्या मुलींना त्यातली गंमत सांगून कळायची नाही. सुती साडी धुवा, खळ घाला, वाळवा, पाणी शिंपडून इस्त्री करा, आणि दुपारी बारापर्यंत तिचा बोळा. नायलॉनची साडी रात्री धुऊन दोरीवर टाकली की पावसाळ्यातसुद्धा सकाळी कोरडी! इस्त्री नको, खळ नको. नोकरी करणाऱ्या बाईचे किती तास त्या धाग्याने वाचवले असतील! अमेरिकेतल्या ड्युपॉन्ट कंपनीने १९३८ साली नायलॉन जाहीर केलं, इंग्लंडात व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघांनी १९४१ साली टेरिलीन शोधलं. आमच्याकडे ते सगळं यायला वेळ लागला, पण आलं ते नव्या नवरीसारखं मिरवत आलं.

१९७४ च्या जूनमध्ये मी शाळेत लागले. पहिल्या पगारातून आईला इरकल घेतली आणि ताईला नायलॉनची साडी. फिकट मोरपंखी रंग, त्यावर पांढरी बारीक फुलं. ताई तेव्हा सासरी, पदरात दोन मुलं. साडी बघून तिचा चेहरा असा काही फुलला की बाबांनी धागा ओढायला हात पुढे केला तेव्हा तिने साडी पाठीमागे लपवली. त्या साडीत तिने स्टुडिओत जाऊन फोटोसुद्धा काढून घेतला.

१९७५ च्या दिवाळीआधीची गोष्ट. ताई पंपाच्या स्टोव्हवर चकल्या तळायच्या तयारीत होती. स्टोव्ह पेटवताना भडका उडाला आणि पदराने पेट घेतला.

त्या काळात "स्टोव्हचा भडका" हे शब्द पेपरात वाचले की पोटात गोळा यायचा. त्या शब्दांमागे कितीतरी घरांत भलतंच काही दडलेलं असायचं. ताईचं तसं नव्हतं. तो खरोखर अपघात होता आणि तिच्या सासूबाईंनीच धावत येऊन तिला गोधडीत गुंडाळलं म्हणून ती वाचली. पण डाव्या खांद्यापासून मनगटापर्यंतचा हात भाजला. सुती कापड जळतं, राख होऊन गळून पडतं. नायलॉन वितळतं आणि अंगाला चिकटतं. याहून जास्त लिहीत नाही. ताई दोन महिने मिरजेला दवाखान्यात होती.

ती साडी मी आणली होती. हे मला कुणीही, कधीही बोलून दाखवलं नाही. बाबांनीसुद्धा नाही. पण माझ्या घरात त्यानंतर नायलॉन आलं नाही. टेरिकॉट नाही, जॉर्जेट नाही, काही नाही. नोकरीची सगळी वर्षं मी खळीच्या सुती साड्या नेसून काढली. सहकारी बायका म्हणायच्या, बाईंना भारी हौस! मी हसायचे.

आणि १९७९ मध्ये पायमशीन घेतल्यापासून ताईचे ब्लाउज मीच शिवत आले. दर दिवाळीला दोन. इचलकरंजीचं पॉपलीन, पांढरं किंवा बदामी, बाह्या मनगटापर्यंत. तिचा डावा हात खांद्याच्या वर पुरता जात नाही, म्हणून डावा मुंढा उजव्यापेक्षा बोटभर सैल. तिचं माप मला तोंडपाठ आहे.

आता लक्षात आलं ना, टिकल्यांचं ब्लाउज म्हटल्यावर माझी काय अवस्था झाली असेल ते?

आठ दिवसांनी तिचा भाचेजावई एक पिशवी देऊन गेला. आत महाद्वार रोडवरून आणलेलं सव्वा मीटर कापड: शेंदरी रंगाच्या जाळीवर सोनेरी टिकल्यांच्या नागमोडी ओळी. सोबत तसल्याच रंगाची साधी जाळी आणि ताईच्या मोठ्या अक्षरातली चिठ्ठी. "बाही साध्या जाळीची. कोपरापर्यंत. अस्तर नको."

चिठ्ठी वाचली आणि मनात म्हटलं, बघू. अस्तर लावायचंच, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

कापड मात्र दोन दिवस नुसतं टेबलावर ठेवून बघत होते. शाळेत नवा वर्ग मिळाला की पहिले दोन दिवस मी असंच करायची. शिकवायच्या आधी कोण कुठे बसतं, कोण कुणाशी बोलतं ते बघून ठेवायचं. या कापडावरून वरून खाली हात फिरवला तर गुळगुळीत, खालून वर फिरवला तर करवतीसारखं. म्हणजे मांजराच्या पाठीसारखी याला दिशा आहे आणि ब्लाउजचे सगळे तुकडे एकाच दिशेने बेतायला हवेत. उलट बाजूने पाहिलं तर टिकल्या साखळी टाक्याने मशीनवर टाचलेल्या. साखळी टाका म्हणजे स्वेटरसारखा प्रकार, एक फास सुटला की अख्खी ओळ सरसर उसवते.

(भाषेच्या बाईचा स्वभाव जात नाही, म्हणून एक सांगते. इंग्रजीत टिकलीला सिक्वीन म्हणतात. हा शब्द मुळात अरबी "सिक्का", म्हणजे नाणी पाडायचा ठसा. त्यावरून व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्याचं नाव पडलं, ते फ्रेंचांकडून इंग्रजांकडे गेलं आणि तिथे टिकलीला चिकटलं. आपला शिक्का आणि ही टिकली एकाच आजीच्या नाती आहेत!)

मग कामाला लागले. ज्यांना असलं कापड कधी शिवायचं असेल त्यांच्यासाठी माझ्या चुकांसकट सगळं लिहिते.

पहिली चूक सुईची. माझ्या मशीनला वर्षानुवर्षं सोळा नंबरची सुई. पॉपलीनला ती चालते. जाळीच्या तुकड्यावर टीप मारून पाहिली तर दोन टाके पडले, तीन गायब, पुन्हा एक पडला. मला वाटलं मशीन म्हातारं झालं. पण दोष मशीनचा नव्हता. सुई खाली जाऊन वर यायला लागली की दोऱ्याचा एक छोटा फास तयार होतो, शटलचं टोक तो फास पकडतं आणि टाका पडतो. जाळी इतकी हलकी की ती सुईबरोबर भोकात खाली ओढली जाते आणि तिच्याबरोबरच वर येते. मग फास होणार कुठून? बाजारात जाऊन नऊ आणि अकरा नंबरच्या नव्या सुया आणल्या. वरच्या दोऱ्याचा ताण सैल केला, टाका जरा लांब ठेवला. आणि कापडाखाली कागद घालून शिवलं, म्हणजे कापड खाली जात नाही आणि टीप झाल्यावर कागद फाडून काढता येतो. वर्तमानपत्र घेऊ नका, शाई लागते. माझ्याकडे जुन्या वह्यांचे कोरे कागद होतेच. शिक्षकाच्या घरात कागदाला काय तोटा!

दुसरी गोष्ट कातरीची. चांगली कातर टिकल्यांना लावू नका, धार जाते. मी जुनी कातर घेतली. कापड दुहेरी घडी करून बेतू नका, आतल्या आत सरकतं. एकेरी पसरून एक बाजू कापायची, मग कागदाचा बेत उलटा करून दुसरी. उलटा करायला विसरलात तर दोन्ही डाव्याच बाजू तयार होतील आणि तशी बाई शोधावी लागेल. कापताना चष्मा हवाच, टिकल्यांचे तुकडे उडतात. टक्स घालू नका, फुगतात. त्यापेक्षा प्रिन्सेस कट बरा.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, ती मायेची. शिवणीच्या आत आपण जे जास्तीचं कापड सोडतो त्याला मराठीत माया म्हणतात. किती गोड शब्द आहे ना? या कापडाला माया जास्त लागते. मी चांगली दोन बोटं ठेवली. कारण असं की सुती कापडात टाचणी टोचली तर धुतल्यावर भोक बुजतं. चुकली टीप तर उसवून पुन्हा घाला, कापड विसरून जातं. जॉर्जेट, सॅटिन, टिकल्यांचं कापड, ही मंडळी विसरत नाहीत. एकदा सुई गेली की भोक राहिलं. म्हणून टाचण्या, कच्चे टाके, खुणा, जे काही टोचायचं ते सगळं मायेच्या आत टोचायचं. आणि टिपेच्या वाटेवर टिकली आली तर सुई मोडते, म्हणून टिकल्याही तेवढ्या भागातल्याच काढायच्या. त्यासुद्धा ओढून काढायच्या नाहीत. उलट बाजूने आधी दोरा सोडवून गाठ मारायची, मगच पुढची टिकली.

मी दुसऱ्याच ओळीला घाई केली. गाठ मारायच्या आधी दोरा ओढला आणि डोळ्यांदेखत वीतभर ओळ उसवून टिकल्या घरभर! रात्री साडेनऊ वाजता हे टॉर्च घेऊन पलंगाखाली आणि मी कणकेचा गोळा घेऊन फरशीवर. (कणकेला टिकल्या छान चिकटतात, करून बघा.) सगळ्या सापडल्या असं वाटलं आणि बघते तर एक ह्यांच्या टकलावर चमकत होती! जमलेल्या टिकल्या आईच्या जुन्या कुंकवाच्या डबीत ठेवल्या. उसवलेला भाग नंतर हाताने एकेक टिकली टाचून भरून काढला. दोन संध्याकाळ गेल्या त्यात.

आता खरं सांगायचं ते पुढेच आहे.

पुढचे दोन भाग जोडून झाले. शिवण बसवायला इस्त्री हवी. टिकल्यांवर इस्त्री फिरवायची नसते हे मला माहीत होतं. पॉलिएस्टरचा धागा वितळायला अडीचशे अंशांच्या आसपास उष्णता लागते, पण प्लॅस्टिकच्या टिकल्या त्याच्या कितीतरी आधी मऊ पडतात. म्हणून उलट बाजूने, वर सुती फडकं टाकून, अगदी कोमट इस्त्री नुसती टेकवायची ठरवलं. आधी एका तुकड्यावर करून बघितलं. शिस्त म्हणजे शिस्त! पण बटण फिरवून ठेवलं तरी इस्त्री निवायला वेळ लागतो हे विसरले.

चर्र झालं नाही, धूर झाला नाही. नुसता वास आला.

मंडळी, पन्नास वर्षं झाली. त्या दिवशी मी ताईच्या घरी पोचले तेव्हा सगळं आवरलं गेलं होतं, फरशी धुतली होती. पण वास होता. तोच वास माझ्या स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत आला आणि माझे हात थंड पडले. तुकडा उचलून पाहिला. टिकल्या वळून एकमेकींना चिकटल्या होत्या आणि कडेला एक कडक मणी झाला होता.

मी इस्त्री बंद केली आणि ताईला फोन लावला.

"ताई, बाहीला मी अस्तर लावतेय. आणि मनगटापर्यंत करतेय."

"चिठ्ठीत काय लिहिलंय ते वाचलंस ना? शिक्षक ना तू?"

"वाचलं. पण बोचेल तुला. आणि... हात दिसेल गं."

थोडा वेळ ती काही बोललीच नाही. मग म्हणाली, "कुणाला?"

मला उत्तर सुचेना.

"बेबी, तू पन्नास वर्षं मला मनगटापर्यंत बाह्या शिवून पाठवतेस. मी कधी सांगितलं होतं तुला, बाह्या लांब कर म्हणून?"

मी आठवून पाहिलं. नव्हतं सांगितलं. मिरजेहून ती घरी आली तेव्हा पहिलं लांब बाह्यांचं ब्लाउज मीच शेजारच्या शिंप्याकडून शिवून नेलं होतं. तिला विचारलं नव्हतं. नंतरही कधी विचारलं नाही.

"मला वाटायचं, तुला माझा हात बघवत नाही," ताई म्हणाली. "म्हणून घालत आले. इथली पोरंबाळं, सुना, सगळ्यांनी बघितलाय की हात. मी घरात तुझ्या ब्लाउजच्या बाह्या दुमडूनच असते. उन्हाळ्यात शिजायला होतं त्यात. तू येणार असलीस की तेवढ्या खाली करते."

मी खाली बसले. काय बोलणार? जे बोलायचं होतं ते एकदाचं तोंडातून बाहेर पडलं. "ताई, ती साडी मी आणली होती."

"माहितेय की. मीच नेसले होते. स्टोव्ह पण मीच पेटवला होता. पदर खोचायला मीच विसरले होते." मग जरा थांबून म्हणाली, "आणि तुला म्हणून सांगते, तसली साडी मला पुन्हा कुणी आणली नाही. तो फोटो माझ्या कपाटात आहे अजून. तू एकदा तरी विचारायचं होतंस गं."

मी रडत होते ते तिला कळलं असणार. म्हणाली, "आता कापडावर डोळे गाळू नको. डाग पडतील."

"नाही पडणार," मी नाक पुसत म्हटलं. "पॉलिएस्टर आहे ते. पाणी धरत नाही."

यावर आम्ही दोघी इतक्या हसलो की हे बघायला आले.

दुसऱ्या दिवशी मी बाहीकडे नव्याने बघितलं. भाजलेली कातडी पातळ असते, तिला खरखर सोसत नाही. म्हणजे जाळी बोचेल ही माझी भीती अगदीच खोटी नव्हती. ताईने पाठवलेली जाळी स्वतःच्या दंडाच्या आतल्या बाजूला घासून पाहिली. कडक होती. बाजारातून त्याच रंगाची मऊ जाळी आणली, चार दुकानं फिरून. जाळीचे धागे सुटत नाहीत, त्यामुळे तिला काठ मुडपायची गरज नसते, पण कापलेली कड टोचते. मग एक जुनी मलमलची साडी काढली, तिच्या उरेब पट्ट्या कापल्या आणि मुंढ्यापासून बाहीच्या कडेपर्यंत आतली प्रत्येक शिवण मलमलीत गुंडाळून हाताने तुरपली. अंगाच्या भागाला पूर्ण मलमलचं अस्तर लावलं, म्हणजे टिकल्यांचे दोरे आतून लागायला नकोत. हुकांची पट्टी साध्या कापडाची केली. बाहीला अस्तर लावलं नाही.

शिवताना एक गोष्ट मनात घोळत होती. मी इतकी वर्षं या कापडांना वाईट म्हणत आले. ती वाईट नाहीत, त्यांचा स्वभाव वेगळा आहे, तो विचारून घ्यावा लागतो. विस्तवाशी त्यांचं जमत नाही हे मात्र आजही तितकंच खरं आहे. दिवाळीत पोरांना फटाके उडवताना सुती कपडे घाला आणि गॅसजवळ जाताना ओढणी-पदर खोचून घ्या, हे मी मरेपर्यंत सांगत राहणार. पण विस्तवापासून जपणं वेगळं आणि माणसाला न विचारता झाकून टाकणं वेगळं. दुसरं मी प्रेमानेच केलं होतं, यात शंका नाही. विचारलं मात्र नव्हतं.

लग्न छान झालं. ताईने सुती-रेशमी साडी नेसली होती आणि वर ते शेंदरी ब्लाउज. मांडवातल्या दिव्यांत प्रत्येक टिकली चमकत होती. जाळीतून हात दिसत होता. एका लांबच्या बाईंनी थोडं जास्त वेळ पाहिलं, ताईने त्यांना पेढा दिला. संपलं.

औक्षणाच्या वेळी ताईने निरांजनाचं तबक हातात घेतलं आणि मी पटकन पुढे झाले, तिचा पदर धरायला. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी दोन पावलं मागे आले. मग तिने स्वतःच पदर कमरेला घट्ट खोचला, नातीला ओवाळलं आणि तबक माझ्या हातात देऊन म्हणाली, "धर. आता तू."

घरी आल्यावर इस्त्रीखाली चिकटलेला तो तुकडा टाकून द्यायला काढला होता. टाकला नाही अजून. शिवणाच्या डब्यात आहे, पुढच्या वेळी इस्त्री निवायच्या आधी आठवण राहावी म्हणून. दिवाळीसाठी आणून ठेवलेलं बदामी पॉपलीन मात्र कामवाल्या मावशींना देऊन टाकलं. त्यांना त्याच्या उशा करायच्या होत्या.

काल रात्री ताईचा फोन आला.

"बेबी, पाठीवरची एक टिकली गळली गं."

"असू दे. कुंकवाच्या डबीत आहेत शिल्लक."

"मग येतेस कधी?"

गुरुवारची एसटी आहे. सुया नऊ नंबरच्या घेतल्यात.